सातवा ठोका

"मग दगड काय म्हणला?"

"बावन्न म्हणाला, आबा."

"तोंडावरचं फडकं काढ. काय म्हणला?"

खाणीची धूळ नको म्हणून नागेशनं नाकातोंडावर रुमाल बांधला होता. तो त्यानं गळ्यात ओढला आणि जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "बावन्न."

इराप्पा आबांनी मान हलवली. ते नागेशच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. ज्यांनी आपला हात धरून दगडावर टाकी चालवायला शिकवली, त्यांना आता आपल्या नजरेला नजरही द्यावीशी वाटत नाही, असं नागेशला वाटलं. आणि ते त्याला लागलं.

"बावन्न म्हंजे बरा?"

"बरा काय, चांगला. काळ्या दगडाचा आकडा पंचेचाळीसच्या वर गेला, की डोळे झाकून घ्यावा."

"आम्ही उघडे ठेवून घ्यायचो," आबा म्हणाले.

शेजारी, अंगणातल्या गोणपाटाच्या सावलीत, आबांची सून दुर्गा खडी फोडत बसली होती. तिचा हात थांबला नाही. पण ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

"साहेबांना पाणी देऊ का, मामा? का तेबी यंत्रानं तपासून घेणार?"

महिन्यापूर्वीपर्यंत ती त्याला भावजी म्हणत होती.

महिन्यापूर्वीपर्यंत तिचा नवराही होता. सिद्राम. आबांचा एकुलता एक मुलगा, नागेशच्या बरोबरीचा. दोघांनी एकाच दगडावर टाकी चालवायला सुरुवात केली होती. पुढं नागेश शिकला, डिप्लोमा झाला, शहरात बांधकामाचं सामान तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला. सिद्राम वस्तीतच राहिला, दगडातच राहिला.

आणि शेवटी दगडाखालीच गेला.

ओढ्यावरच्या साकवाला नवी शिळा बसवायची होती. नऊ फूट लांब, एकसंध. कंत्राटदारानं ती तपासायला नागेशलाच बोलावलं. नागेश यंत्र घेऊन आला. आपल्या वस्तीत, आपल्या माणसांपुढं. त्या दिवशी त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

यंत्राला हातोडा म्हणायचं, पण त्यानं दगडाचा टवकाही उडत नाही. हातभर लांबीची पोलादी नळी. तिची दांडी दगडावर टेकवायची आणि दाबायची. आतली स्प्रिंग सुटते, ठोका बसतो, आणि आतला दट्ट्या मागं उसळतो. दगड जितका कठीण, तितकी उसळी मोठी. ती किती, ते बाजूच्या पट्टीवर आकड्यात दिसतं. दगड न फोडता दगडाची ताकद कळते.

आबांना त्यासाठी फक्त कान लागायचा. देवळाची पायरी असो, नाही तर विहिरीचं थारोळं, आसपासच्या दहा गावांतली माणसं शिळा घेण्याआधी आबांना बोलावून न्यायची. आबा सुतकीचा, त्या जड हातोडीचा, एकच टोला हाणायचे आणि मान तिरकी करायचे. दगड खणखणीत बोलला तर मान हलवायची. फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलला, तर काही न सांगता पाठ फिरवून चालू लागायचं. त्यांनी पाठ फिरवलेला दगड कुणी उचलत नसे.

त्या दिवशी नागेशच्या यंत्रानं ठोके मारले. मग आबांनीही सुतकीचा टोला मारला. मान तिरकी केली. आणि हलवली.

नागेशनं सही केली.

क्रेननं शिळा उचलली, दोन खांबांवर ठेवली. सिद्राम खाली पहार घेऊन टोक सरळ करत होता. शिळा मधोमध मोडली...

आता उद्या तालुक्याचे साहेब चौकशीला यायचे होते. नागेशच्या पिशवीत एक टाईप केलेला कागद होता.

"वाच," आबा म्हणाले. "माझ्याकडं तोंड करून वाच."

नागेशनं वाचलं. "शिळेची यंत्राद्वारे चाचणी घेण्यात आली. सरासरी आकडा बावन्न. शिळा निर्दोष असल्याचे अनुभवी पाथरवट इराप्पा यांनीही टोला मारून सांगितले होते. बसवताना कामगाराकडून धक्का बसल्याने शिळा मोडली."

दुर्गाचा हातोडा थांबला.

"कामगार म्हंजे कोण, साहेब?"

नागेशनं कागद या हातातून त्या हातात घेतला.

"नाव लिवायला लाजला व्हय? त्येला नाव हुतं. तुमच्या लग्नात तुमच्या गाडीम्होरं रातभर नाचला हुता, तवा नाव घेऊन हाका मारत हुतासा."

"वहिनी, मी त्याला दोष देत नाही. चुकून धक्का लागतो. कुणालाही लागतो. पण दगड चांगला होता, हे तर खरं आहे. मी खोटं लिहिलेलं नाही." तो आबांकडे वळला. "आबा, हे असं गेलं नाही तर उद्या माझं सगळं जातं. नोकरी जाते. माझी सही पुन्हा कुणी घेणार नाही. तुम्ही इथं फक्त अंगठा द्या. तुमच्या शब्दावर साहेब काही बोलणार नाहीत."

आबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"त्यो अर्धा हितंच हाय," ते म्हणाले.

अंगणाच्या कडेला, बोरीखाली, मोडक्या शिळेचा अर्धा भाग पडला होता. आबांनी तो ओढ्यातून ट्रॅक्टरनं आणवला होता. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नव्हतं. चाचणीच्या दिवशी नागेशनं पिवळ्या ऑइलपेंटनं काढलेली वर्तुळं त्यावर अजून होती. प्रत्येकात एक आकडा. सहा, सात, आठ... बारापर्यंत.

"पुन्हा विचार त्याला."

नागेशला जरा धीर आला. यंत्राच्या कामात त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. त्यानं कातडी पेटीतून यंत्र काढलं, दगडाचा पृष्ठभाग घासणीच्या दगडानं घासला, फुंकर मारली. दांडी टेकवली. दाबली.

ठक.

"त्रेपन्न. बघा आबा. मोडला तरी त्रेपन्न."

"मोडला तरी?"

"मोडला तरी. दगड मुळात जातिवंत."

"दुसरीकडं."

ठक. "बावन्न." ठक. "एक्कावन्न." नागेशच्या आवाजात नकळत जुना ताठा आला. "खोटं बोलत नाही हे यंत्र, आबा."

"न्हाईच बोलत," आबा म्हणाले. "माणसाला मारून आला, तरी आकडा त्योच. यंत्राचा काय दोष..."

मग ते उकिडवे बसले. दुर्गाच्या ढिगातली ओंजळभर खडी त्यांनी पुढं ओढली.

"त्या दिवशीचं आकडं वाच. वहीतलं. एकेक."

नागेशनं वही काढली. तो एकेक आकडा वाचायचा आणि आबा एकेक खडा जमिनीवर मांडायचे. बावन्न. खडा. चोपन्न. खडा. एक्कावन्न. खडा...

नागेशनं वही मिटली. आबांनी खड्यांवरून बोट फिरवलं.

"अकरा हायत."

"हो."

"दगडावर तर बारा येटोळी काढली हुतीस."

"एक वगळला, आबा. तसा नियमच आहे. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा आला तर तो धरायचा नाही. कधी खाली माती असते, कधी दांडी तिरकी बसते. त्या एकामुळं सगळी सरासरी बिघडते."

"कितीचा हुता?"

नागेशनं उगाचच यंत्राची दांडी पुसली.

"चौतीस."

"कितवा?"

"...सातवा."

सातवं वर्तुळ त्यांच्या समोरच होतं. मोडलेल्या कडेपासून वीतभर आत. बघायला अगदी साफ दगड. काळा, गुळगुळीत, एक रेघही नाही.

"दुर्गे, घागर आण," आबा म्हणाले.

तिनं घागर आणली आणि काही न विचारता दगडावर ओतली. पाणी सगळीकडं पसरलं. दगड कोळशासारखा काळाभोर झाला.

नागेशला पुढचं ठाऊक होतं. आबांकडं शिकायला आला त्या पहिल्याच वर्षी त्यांनी हे शिकवलं होतं. कानाचा निवाडा होत नसला, मनात किंतू असला, की दगडाला आंघोळ घालायची. मग पुसायचं नाही, फुंकायचं नाही, बोलायचं नाही. वाळू द्यायचं. बोलणाऱ्याची नजर हलते आणि नेमकं तेवढ्यात दगड सांगून जातो. एकदा नागेशनं घाई करून सदऱ्यानं दगड पुसला होता. तेव्हा आबांची जी चापट बसली होती, तिची आठवण त्याच्या गालाला अजून होती.

तिघं बसून राहिले.

फाल्गुनातलं ऊन. कडेचं पाणी आधी गेलं. मग मधलं. काळेपणा हळूहळू आक्रसत गेला, दगड करडा होत गेला. आठवं वर्तुळ वाळलं. नववं वाळलं. सहावं वाळलं...

आणि एक रेघ राहिली.

केसाएवढी. मोडक्या कडेपासून निघालेली, थेट सातव्या वर्तुळातून पलीकडं गेलेली. सगळा दगड कोरडा ठणठणीत झाला, तरी ती ओलीच होती. आतलं पाणी ती सोडत नव्हती.

यंत्रानं नागेशला सांगितलं होतं. एकदाच, पण बरोबर त्याच जागी सांगितलं होतं. आणि त्यानं त्यावर काट मारली होती.

"ह्ये तुला शिकवलं हुतं का न्हाई?" आबांनी विचारलं.

"शिकवलं होतं."

"मग?"

"वेळ नव्हता, आबा. क्रेन उभी होती. लोक थांबले होते. पाणी टाकून तासभर बसायचं म्हणजे..."

"त्यो म्हणला हुता," दुर्गा म्हणाली.

तिचा आवाज इतका शांत होता, की नागेशला तिच्याकडं बघवेना.

"मी तिथंच हुते, त्येची भाकरी घेऊन. त्यो म्हणला, नाग्या, एक घागर पाणी टाकू या का? आन् तुम्ही काय म्हणलासा?"

नागेशला ते आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. तो म्हणाला होता, 'दगडाला आंघोळ घालून त्याचं लग्न लावायचंय का सिद्रामा? यंत्राचा जमाना आहे.' सगळे खदाखदा हसले होते. क्रेनवाला हसला, कंत्राटदार हसला. सिद्रामही हसला होता. त्याला हसायला फार लागायचं नाही. हसत हसतच तो पहार घेऊन खाली उतरला होता.

लाज माणसाला नमवते, नाही तर चवताळून उठवते. नागेश उठला.

"मी एकटाच होतो का तिथं?" तो म्हणाला. "आबा, तुम्हीही होता. तुम्ही टोला मारलात. सातवा आकडा कमी आला तेव्हा माझाही हात अडखळला होता. खरं सांगतो, अडखळला होता! म्हणून तर मी तुमच्याकडं बघितलं. आणि तुम्ही मान हलवलीत. अख्ख्या मुलखाला तुमचा कान ठाऊक आहे. चीर एवढी आरपार होती, तर दगड बद्द बोलला असणार. तुम्ही का नाही पाठ फिरवली? माझा हात अडवायचा होतात! एवढा राग होता माझ्या यंत्राचा, की सख्ख्या पोराला खाली..."

नागेश बोलता बोलता बोरीकडं वळला होता आणि आबा नुसतेच त्याच्या पाठीकडं बघत होते, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडं बघावं तसे. मग त्यांनी नजर खाली वळवली आणि ते पुन्हा त्या ओल्या रेघेकडं बघत बसले.

दुर्गा उठली. तिनं खडीचं लोखंडी घमेलं उचललं आणि रिकामं केलं. आबांच्या पाठीमागं, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, डाव्या हातानं तिनं ते धरलं आणि उजव्या हातानं हातोडा उचलून त्यावर हाणला.

बोरीवरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. नागेश दोन पावलं मागं सरला. त्याचे कान झिणझिणले.

आबा रेघेकडं बघत होते.

त्यांची मानसुद्धा हलली नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

"सात वर्सं झाली," दुर्गा म्हणाली. "सुरुंगानं कान गेलं. आधी डावा, मग उजवा. ओठ बघून बोलत्यात. घरच्यांबिगर कुणाला ठाव न्हाई. सांगू नगा, म्हणायचे. म्हणायचे, दहा गावं हाक मारत्यात ती कानाला, इराप्पाला न्हाई."

नागेश खाली बसला. आता त्याचं तोंड आबांच्या समोर होतं.

"आबा... मग त्या दिवशी... काय ऐकून मान हलवली?"

"तुझं तोंड बघून," आबा म्हणाले.

ते घोगऱ्या, सपाट आवाजात बोलत होते. तो आवाज असा का झाला होता, ते नागेशला आज कळलं.

"टोला हाणला. काय बी ऐकू आलं न्हाई. सात वर्सांत कवाच आलं न्हाई. हाताला जरा कमी-जास्ती कळायचं, त्येच्यावर निभवत हुतो. म्हणलं, नागू शिकलाय. त्येच्या हातात यंत्र हाय. त्येनं तर बघितलंच असंल..." ते थांबले. "तुझं तोंड बघितलं. तुझ्या तोंडावर काय बी भ्या दिसलं न्हाई. मान हलवली."

"आणि मी तुमची मान बघितली," नागेश म्हणाला.

"व्हय."

"सिद्राम?"

"त्येनं आपल्या दोघांकडं बघितलं."

दगडावरची रेघ अजून ओली होती.

मग आबांनी हात पुढं केला. "अंगठ्याला शाईची डबी आणली असशील, काढ."

नागेशनं पिशवीतून डबी काढली. आबांनी अंगठा शाईत दाबला आणि तसाच वर धरून ठेवला.

"आता लिव. धक्क्याची वळ खोड."

"आबा, ती ओळ खोडली, की मी संपलो."

"आन् ठेवलीस तर त्यो संपला. आदुगर दगडानं, मग कागदानं." अंगठा वरच होता. "सातवा आकडा लिव. चौतीस. त्येच्या म्होरं लिव, इराप्पा बहिरा हाय. सात वर्सं. म्हाईत असताना टोला हाणला, म्हाईत असताना मान हलवली. तुझी सही तुझ्या आकड्याखाली कर. माझा अंगठा माझ्या कानाखाली घे."

"तुम्हाला मग कोण बोलवेल, आबा?"

"बोलवू नये."

नागेशनं पेन काढलं. टाईप केलेल्या त्या सुबक कागदावरची शेवटची ओळ त्यानं खोडली. एकदा खोडली, पण खालची अक्षरं दिसत होती, म्हणून पुन्हा खोडली. बाजूच्या कोऱ्या जागेत चौतीस लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्याखाली आबांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत लिहिलं. सही केली.

आबांनी अंगठा टेकवला आणि दाबून धरला. नुसता उमटवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

दुर्गा उभी राहून बघत होती.

"झालं लिवून?" तिनं विचारलं.

"झालं, वहिनी."

"बरं झालं. सांजच्याला त्येच्या नावाचं ताट वाढते मग."

ती आपल्या गोणपाटाच्या सावलीत गेली. पुन्हा तिचा हातोडा सुरू झाला. ठक... ठक... ठक. प्रत्येक ठोक्याला नागेशच्या अंगातून काहीतरी जात होतं. आबांच्या कानावर त्यातला एकही पोचत नव्हता.

नागेशच्या तोंडावर खाणीची धूळ बसली होती. त्या धुळीतून काहीतरी खाली ओघळत आलं. त्यानं मान फिरवली आणि गळ्यातला रुमाल घाईघाईनं वर ओढला.

आबांनी त्याचं मनगट धरलं.

इतक्या वेळात पहिल्यांदाच ते त्याच्या ओठांकडं नाही, डोळ्यांकडं बघत होते.

"पुसू नगंस, नागू," आबा म्हणाले. "वाळू दे."